कामगाराला भाषाशास्त्र कशाला?

या व्याख्यानमालेच्या चालकांनी आमच्याकडे विषय मागितला, तेव्हा आम्ही किमान वेतनावर किंवा कंत्राटी कामगारांच्या प्रश्नावर बोलू, अशी त्यांची अपेक्षा असावी. तीस वर्षे आम्ही तेच करीत आलो आहोत. परंतु आम्ही 'भाषाशास्त्र आणि तौलनिक साहित्य' असे लिहून पाठविले. तेव्हा एका चालकांनी फोन करून, लिहिण्यात काही चूक तर झाली नाही ना, अशी विचारणा केली. चूक झाली नव्हती. आमचे शालेय शिक्षण रात्रशाळेत दहावीपर्यंत झाले. त्यापुढचे सारे सार्वजनिक वाचनालयात आणि लोकलच्या डब्यात. तेव्हा पंडितांनी ऐकावे असे आमच्यापाशी काही नाही. मात्र ज्यांना पंडित म्हणून कोणी हाक मारीत नाही, अशा माणसांनी हे विषय का शिकावेत, याविषयी आम्हांला काही सांगावयाचे आहे.

निमित्त घडले ते असे. गिरणीच्या वाइंडिंग खात्यातून बाहेर पडलेले आमचे एक जुने सहकारी आहेत. त्यांची मुलगी लग्न होऊन कॅलिफोर्नियात गेली. तेथे ती दिवसा एका पाळणाघरात काम करते आणि संध्याकाळी कम्युनिटी कॉलेजात शिकते. तिने हिशेबनीस किंवा परिचारिकेचा वर्ग धरला असता, तर वडिलांनी पेढे वाटले असते. पण तिने भाषाशास्त्र घेतले, आणि जोडीला जागतिक साहित्याचा वर्ग. सहकारी तडक आमच्या कचेरीत आले आणि म्हणाले, "भाऊ, लहानपणी तुम्हीच तिच्या हातात पुस्तके दिलीत. आता तुम्हीच सांगा, असल्या शिक्षणाने पोट भरते का?"

प्रश्न रास्त होता, आणि त्याला लगेच उत्तर देणे आम्हांला जमले नाही. आजचे हे विवेचन म्हणजे त्या प्रश्नाचेच उत्तर होय.

प्रथम हे कॉलेज म्हणजे काय, ते पाहू. १९०१ साली अमेरिकेतील इलिनॉय राज्यात जोलिएट या गावी, तेथील हायस्कूलला जोडून पहिले सरकारी 'ज्युनिअर कॉलेज' निघाले. विद्यार्थी अवघे सहा. कल्पना अशी की, गावातल्या मुलाने विद्यापीठाची पहिली दोन वर्षे घरी राहूनच पुरी करावीत आणि मग पुढे जावे. दुसऱ्या महायुद्धानंतर परतलेल्या सैनिकांच्या शिक्षणाचा प्रश्न उभा राहिला. त्या वेळी अध्यक्ष ट्रूमन यांनी नेमलेल्या आयोगाने १९४७ साली अशा कॉलेजांचे जाळे देशभर पसरावे अशी शिफारस केली, आणि 'कम्युनिटी कॉलेज' हे नाव रूढ झाले. आज त्या देशात अशी सुमारे एक हजार कॉलेजे आहेत.

कॅलिफोर्नियाने १९६० साली उच्च शिक्षणाची एक बृहद् योजना केली. तिच्यात तीन पायऱ्या ठरल्या. हायस्कुलातील वरच्या अष्टमांश मुलांसाठी राज्याचे संशोधन करणारे विद्यापीठ. वरच्या तृतीयांशासाठी राज्य महाविद्यालये. आणि ज्याला शिकून फायदा होण्यासारखा आहे त्या प्रत्येकासाठी कम्युनिटी कॉलेज. गुणांची अट नाही, वयाची नाही. चाळीस वर्षांचा ट्रकचालक आणि अठरा वर्षांची मुलगी एका बाकावर बसतात. १९८४ पर्यंत तेथे शिकवणीची फीही नव्हती. पुढे ती आली, वाढत गेली आणि २०१२ साली राज्याच्या रहिवाशांसाठी एका युनिटला ४६ डॉलर झाली. एक विषय बहुधा तीन युनिटांचा असतो. गरिबांना ही फी माफ होते. अशी साठ युनिटे पुरी केली की दोन वर्षांची पदवी मिळते आणि विद्यापीठाच्या तिसऱ्या वर्षात प्रवेश मागता येतो. यालाच तिकडे 'ट्रान्सफर' म्हणतात. आमच्या भाषेत सांगावयाचे तर ही बदली नव्हे, बढती होय.

आता या वर्गात शिकवितात काय? भाषाशास्त्र म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर शुद्धलेखनाची छडी येते. प्रत्यक्षात हे शास्त्र छडी हातात घेतच नाही. माणसे कसे बोलतात हे ते पाहते. कसे बोलावे हे सांगत नाही. वनस्पतिशास्त्रज्ञ गवताला 'तू गुलाब का नाहीस' असे विचारीत नाही, तद्वत.

पहिला पाठ ध्वनींचा. मराठीत 'पळ' आणि 'फळ', 'गार' आणि 'घार', 'ताट' आणि 'थाट' हे वेगळे शब्द आहेत, कारण श्वासाचा एक झोत अर्थ बदलतो. इंग्रज माणूसही हा झोत सोडतो. शब्दाच्या आरंभीचा 'प' तो आपल्या 'फ'सारखा फुंकून उच्चारतो. पण त्याच्या भाषेत त्याने अर्थ बदलत नाही, म्हणून त्याच्या कानाला तो ऐकूच येत नाही. उलट आपण 'जग' हे एकच अक्षररूप दोन रीतींनी वाचतो. दुनिया या अर्थी एक 'ज', पाण्याच्या भांड्याच्या अर्थी दुसरा. लिपी एक, ध्वनी दोन. 'चार' आणि 'चारा' म्हणून पाहा. जीभ कोठे टेकते ते कळेल. आयुष्यभर आपण हे करीत आलो, आणि आपल्याला पत्ता नव्हता! या शास्त्राचा पहिला गुण हाच की, तुम्हांला जे अडाणीपणी येत होते ते ज्ञान होते, हे ते दाखवून देते.

दुसरा पाठ सर्वनामांचा, आणि येथे आम्हांला स्वतःची एक चूक सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी एका कारखान्यात मागणी घटली. व्यवस्थापनाची आणि आमची बैठक झाली आणि दुसऱ्या दिवशी फलकावर परिपत्रक लागले. मूळ इंग्रजी, खाली मराठी. कमी झालेल्या पाळ्यांचा बोजा 'आम्ही' सोसू, असे मराठीत होते. आम्ही ते वाचले, गेटवर उभे राहून मोठ्याने सांगितले, आणि लोक निर्धास्त होऊन कामाला लागले. पगाराच्या दिवशी प्रत्येकाचे चार दिवसांचे पैसे कापलेले! जाब विचारला, तेव्हा व्यवस्थापकांनी इंग्रजी मजकुरावर बोट ठेवले. तेथला शब्द 'वुई' होता. त्याचा अर्थ, ते म्हणाले, कंपनी आणि कामगार मिळून. भाषांतर करणाऱ्या कारकुनाने 'आपण' लिहावयाचे ते 'आम्ही' लिहिले होते. आणि आम्ही, तीस-तीस कलमांचे करार वाचणारे, इंग्रजी मजकूर समोर असताना त्या एका शब्दापाशी थांबलो नव्हतो. ते पैसे परत मिळाले नाहीत. एका बाईंनी सर्वांसमोर विचारले, "भाऊ, तुम्ही वाचूनच सांगितले होते ना?" ते वाक्य अजून कानांतून जात नाही.

पुढे भाषाशास्त्राचे एक प्राथमिक पुस्तक हाती आले, तेव्हा त्यात या गोष्टीला चक्क नाव दिलेले आढळले. ऐकणाऱ्याला सामावून घेणारे 'आपण' आणि ऐकणाऱ्याला वगळणारे 'आम्ही' असा भेद काही भाषांत असतो, काहींत नसतो. मराठीत आहे, गुजरातीत आहे, तमिळ व तेलुगूत आहे. इंग्रजीत नाही, प्रमाण हिंदीतही नाही. 'आपण' हा शब्द संस्कृत 'आत्मन्'पासून आलेला, म्हणजे कूळ उत्तरेचे. पण तो असा वापरण्याची रीत द्राविडी भाषांच्या शेजारामुळे आली असावी, असे अनेक अभ्यासक मानतात. 'भारत हे एक भाषिक क्षेत्र आहे', असा सिद्धान्त एमेनो या अमेरिकेतील पंडिताने १९५६ साली मांडला. वेगळ्या कुळांतल्या भाषा शेजारी शेजारी नांदल्या की एकमेकींची वळणे उचलतात, असे त्याचे सार आहे. हे आम्हांला आधी ठाऊक असते, तर त्या दिवशी गेटवर आम्ही एवढेच विचारले असते की, साहेब, हे 'वुई' म्हणजे आम्ही की आपण? एका प्रश्नाने शेकडो माणसांची मजुरी वाचली असती.

शेजारावरून दुसरी गोष्ट आठवली. एके रात्री त्या मुलीचा फोन आला. "काका, आज वर्गात आपल्या सांगलीकडचं कुपवाड निघालं!" आम्ही चकित झालो. कुपवाड आम्हांला ठाऊक होते ते औद्योगिक वसाहतीमुळे. पण जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी या गावाच्या भाषांवर १९७१ साली एक निबंध प्रसिद्ध केला, आणि तो जगभरच्या भाषाशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांतून सांगितला जातो. गावात जैन शेतकरी घरी कानडी बोलत, मुसलमान उर्दू, इतर काही मराठी, काही तेलुगू. आणि बहुतेकांना एकाहून अधिक भाषा येत. शतकानुशतके असे चालल्यामुळे झाले काय, तर शब्द प्रत्येकाने आपापले राखले, पण वाक्याची ठेवण जवळजवळ एक झाली. एका भाषेतले वाक्य शब्दाला शब्द ठेवून दुसरीत नेता यावे, इतकी. कोणी कोणाची भाषा टाकली नाही, कोणी कोणावर लादली नाही. रोजच्या व्यवहाराने मध्यम मार्ग काढला. भाषेवरून डोकी फोडणाऱ्यांनी हा निबंध एकदा वाचावा. आपल्याच गावची गोष्ट आपल्या मुलीला समुद्रापलीकडच्या संध्याकाळच्या वर्गात प्रथम कळावी, याची मात्र आम्हांला थोडी लाज वाटली.

तिसरा पाठ उच्चनीचतेचा. विल्यम लेबॉव्ह हे नाव आम्ही मुद्दाम सांगतो, कारण हे गृहस्थ भाषाशास्त्राकडे वळण्यापूर्वी शाईच्या कारखान्यात रसायनतज्ज्ञ होते. १९६२ साली ते न्यूयॉर्कच्या तीन मोठ्या दुकानांत गेले: एक श्रीमंतांचे, एक मध्यमवर्गाचे, एक स्वस्त मालाचे. चौथ्या मजल्यावर मिळणाऱ्या वस्तूचा पत्ता ते नोकरांना विचारीत. 'फोर्थ फ्लोअर' असे उत्तर आले की ऐकू न आल्याचे सोंग करून पुन्हा विचारीत. लक्ष होते ते 'र'च्या उच्चाराकडे. एकूण २६४ नोकरांची नोंद झाली. श्रीमंत दुकानात शंभरांपैकी ६२ जण 'र' पूर्ण किंवा काही वेळा उच्चारीत, मधल्यात ५१, स्वस्त दुकानात २०. सारे पगारी नोकरच. पण ज्याच्या पायरीवर उभे राहावे तशी जीभ वळते. आणि गंमत अशी की, दुसऱ्या महायुद्धापूर्वी त्याच शहरात 'र' गाळणे हे प्रतिष्ठेचे होते!

म्हणजे उच्चारात मुळात उच्च वा नीच काही नाही. बोलणाऱ्याची जी जागा, तीच त्याच्या उच्चाराला मिळते. आपल्याकडचे उदाहरण घ्या. 'पानी' म्हणणाऱ्या मुलाला येथील शाळेत हसतात, कारण 'पाणी' शुद्ध. तोच मुलगा दिल्लीस गेला तर 'पानी' शुद्ध ठरते, आणि हरियाणाच्या खेड्यातून 'पाणी' म्हणत आलेल्या मुलाला तेथे हसतात. पाणी तेच, तहान तीच. आमच्या सभासदांपैकी कितीतरी जण चांगले बोलणारे असूनही वाटाघाटीच्या टेबलाशी गप्प बसतात. आपली भाषा 'गावठी' आहे, या धास्तीने. प्रमाणभाषा शिकू नये असे आम्ही म्हणत नाही. ती जरूर शिकावी, कारण अर्ज, कायदा आणि वर्तमानपत्र तिच्यात आहे. पण आईची भाषा अशुद्ध समजून नव्हे. एक हत्यार होतेच, त्याला दुसऱ्याची जोड म्हणून.

याच लेबॉव्ह यांची आणखी एक हकीकत आहे. १९८० च्या दशकात लॉस एंजेलिसच्या विमानतळावर माल चढविणाऱ्या एका कामगारावर, विमानात बॉम्ब असल्याच्या धमक्या फोनवरून दिल्याचा आरोप आला. आवाज त्याच्यासारखा वाटतो, असे वरिष्ठांना वाटले. तो तुरुंगात खितपत पडला. लेबॉव्ह यांनी दोन्ही ध्वनिफिती तपासल्या आणि न्यायालयास ऐकवून दाखविले की, आरोपी न्यूयॉर्कचा आहे आणि धमकी देणारा बॉस्टनच्या बाजूचा. खाट या अर्थाचा आणि 'पकडले' या अर्थाचा असे दोन इंग्रजी शब्द बॉस्टनकडे एकाच स्वराने बोलतात. न्यूयॉर्कमध्ये त्यांचे स्वर अगदी वेगळे. असा सबंध स्वरांचा साचा कोणी सहजी सोंग म्हणून उभा करू शकत नाही. न्यायाधीशांना ते पटले आणि तो कामगार निर्दोष सुटला. भाषाशास्त्र कशाला, असे जे विचारतात, त्यांनी त्या कामगाराला विचारावे.

आता तौलनिक साहित्याकडे वळू. दोन भाषांतील साहित्यकृती शेजारी ठेवून वाचणे, एवढा याचा साधा अर्थ. १८२७ साली गटे या जर्मन कवीने एका भाषांतरित चिनी कादंबरीविषयी बोलताना, आता राष्ट्रीय साहित्यापेक्षा विश्वसाहित्याचा काळ जवळ आला आहे, असा विचार मांडला. त्यापूर्वी शाकुंतलाच्या भाषांतराने तो वेडावला होता, हे आपण जाणतोच. रवींद्रनाथांनी १९०७ साली 'विश्वसाहित्य' याच विषयावर व्याख्यान दिले, आणि १९५६ साली बुद्धदेव बसू यांच्या पुढाकाराने कलकत्त्याच्या जादवपूर विद्यापीठात या विषयाचे स्वतंत्र खाते निघाले. अभ्यासाच्या दोन तऱ्हा सांगतात. एक फ्रेंच पंडितांची: कोणी कोणाकडून काय घेतले, याचा पुराव्यासह माग काढावयाचा. दुसरी १९५८ च्या सुमारास अमेरिकेत रेने वेलेक यांनी आग्रहाने मांडलेली: नुसती देवघेव मोजून वाङ्मय कळत नाही, कृतीतच शिरले पाहिजे.

एक उदाहरण घेऊ. मॅक्सिम गॉर्की यांच्या आत्मचरित्राचा तिसरा भाग 'माझी विद्यापीठे' १९२३ साली आला. नारायण सुर्वे यांचा 'माझे विद्यापीठ' हा कवितासंग्रह १९६६ साली. नावे इतकी जवळची की, एकाने दुसऱ्याचे घेतले, असे म्हणून मोकळे होण्याचा मोह होतो. पण तौलनिक अभ्यास तेथे संपत नाही, सुरू होतो. गॉर्की खरोखरीच विद्यापीठात शिकण्याच्या आशेने कझान शहरी गेले होते. दार उघडले नाही. मग गोदी आणि बेकरीची भट्टी हेच विद्यापीठ झाले. म्हणजे तेथे हा शब्द हुकलेल्या गोष्टीची जखम घेऊन येतो. सुर्वे हे गिरणी कामगाराने उचलून वाढविलेले अनाथ मूल. त्यांच्या लेखी विद्यापीठ हुकण्याचा प्रश्नच नव्हता. रस्ता होता आणि तोच शिकवीत होता. म्हणून एकाकडे शब्द अनेकवचनी, दुसऱ्याकडे एकवचनी. एकीकडे मागे वळून सांगितलेली आठवण, दुसरीकडे चालू वर्तमानात उभी कविता. गॉर्की शेजारी ठेवले म्हणून सुर्वे लहान होत नाहीत. अधिक स्पष्ट दिसतात. भिंतीला भिंत लावली की ओळंबा कळतो.

आणि जगात आपण एकटे नाही, हेही कळते. एमिल झोला यांची 'जर्मिनाल' ही कोळशाच्या खाणीतील संपाची कादंबरी १८८५ ची. संप मोडतो, माणसे पुन्हा खाणीत उतरतात. १९८२ चा गिरणी संप ज्यांनी घरात भोगला, त्यांना ती परकी वाटत नाही. आम्हांला वाटली नाही. तिचे नावही वसंतातील अंकुरण्याच्या महिन्याचे आहे. फ्रेंच राज्यक्रांतीने केलेल्या पंचांगातले ते नाव. हरलेल्या संपाच्या गोष्टीला असे नाव का दिले असेल, यावर आमच्या युनियनच्या कचेरीत एकदा रात्री साडेअकरापर्यंत वाद झाला होता.

चित्र एकतर्फी रंगवू नये. या कॉलेजांची दुसरी बाजूही आहे. बर्टन क्लार्क या समाजशास्त्रज्ञाने १९६० सालीच दाखवून दिले की, दार सर्वांना उघडे ठेवून आत हळूहळू अनेकांची उमेद थंड करण्याचे कामही तेथे चालते. पुढच्या विद्यापीठाची आशा धरून येणाऱ्यांपैकी साधारण तिघांत एकच तेथवर पोचतो. नोकरी, मुले, घरभाडे यांत बाकीचे गळतात. आणि शिकविणारे? त्यांतील निम्म्याहून अधिक अर्धवेळ, सत्रापुरते नेमलेले. एका कॉलेजातील तास संपवून मोटार हाकीत दुसऱ्या कॉलेजाकडे धावणारे. कंत्राटी कामगार तो कंत्राटी कामगारच, मग त्याच्या हातात फावडे असो की खडू. आपल्याकडेही १९९५ साली पुदुच्चेरीपासून कम्युनिटी कॉलेजांचा आरंभ झाला आणि २०१३ नंतर सरकारी योजना आल्या. पण त्यांत भर प्रायः हातच्या कौशल्यांवर. कौशल्य हवेच. मात्र मजुराच्या मुलाने वायरिंग शिकावे आणि काव्य दुसऱ्या कोणाच्या मुलाने, ही वाटणी आम्हांला मान्य नाही.

आमच्या सहकाऱ्यांना आम्ही शेवटी असे सांगितले: "पोट भरेल की नाही, याची हमी हिशेबनिसाच्या वर्गालाही कोणी देत नाही. पण तिला उद्या कोणी कागद पुढे केला, तर त्यातील 'आम्ही' कोणता, हे ती विचारील. आम्ही विचारले नव्हते." ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "तिला सांगा, फीचे पैसे कमी पडले तर कळव म्हणावं." पुढच्या वर्षी ती विद्यापीठाकडे अर्ज करणार आहे.

१८५५ साली जोतीराव आणि सावित्रीबाई यांनी शेतकरी व मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली. १८७५ साली न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने पुण्यात वसंत व्याख्यानमाला उभी राहिली. दाराशी गुण विचारीत नाहीत, वय विचारीत नाहीत, अशी शिकण्याची जागा आपल्याला परकी नाही. या मांडवात आपण आता बसलो आहोत, तीही त्यांतलीच. तिला सातत्य द्यावे, आठवड्यातून दोन संध्याकाळ वाचनालयाची खोली उघडी ठेवावी, आणि तेथे कामगारांनी ध्वनी, शब्द आणि देशोदेशीच्या गोष्टी एकत्र बसून वाचाव्यात, एवढीच आमची सूचना आहे. खोली झाडण्याचे आणि सतरंजी घालण्याचे काम आमच्याकडे द्यावे. बाकीचे आपण करू.